ब्रिजला जावंसंच वाटत नाही, सोडून देऊ का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पंचेचाळिशी उलटलेले एक गृहस्थ, हॉस्टेलवर मेंढीकोट आणि तीनशे चार खेळता खेळता ब्रिजची गोडी लागली, मग नोकरी, लग्न, बदल्या सगळं सांभाळून एकाच पार्टनरबरोबर वर्षानुवर्षं खेळत राहिले. एकेकाळी रविवारच्या डुप्लिकेटसाठी (तेच डाव सगळ्या टेबलांवर खेळून तुलना करायची ती स्पर्धा) घरातली कार्यं चुकवली आणि आता रविवार उजाडला की जिवावर येतं, सेशन कॅन्सल झाल्याचा मेसेज आला तर सुटल्यासारखं वाटतं. पार्टनरला यातलं काही सांगितलेलं नाही. पण रात्री कुणी व्हॉट्सॲपवर एखादा डाव टाकला तर तो सुटेपर्यंत झोप येत नाही. म्हणून विचारतायत, की खेळ माझ्यापुरता संपला का, हे वयामुळे होतंय का, सोडून देऊ का, का थोडे दिवस असेच रेटून बघू.

मी बरीच वर्षं टूर्नामेंट खेळते, नवीन लोकांना शिकवते आणि डायरेक्टर, म्हणजे स्पर्धेची पंच, म्हणूनही उभी राहते, त्यामुळे ही अवस्था मी खूप जणांची बघितलीये, आणि चांगल्या खेळणाऱ्यांची जास्त. रेटू नका हे आधी सांगते, रेटून ब्रिज होत नाही, तीन-साडेतीन तास समोरच्या माणसाचं नुकसान करत बसायचं एवढंच होतं. पण सोडायचा निर्णयही आज घेऊ नका. तुम्ही व्हॉट्सॲपवरच्या डावाचं जे लिहिलंय ना, ते मी दोनदा वाचलं. ज्याचा पत्त्यांमधला जीव गेला तो माणूस रात्री अकरा वाजता एन्डप्ले, म्हणजे समोरच्याला हात देऊन त्याच्याकडून आपल्या सोयीचं पान काढायची युक्ती, शोधत नाही. म्हणजे तुम्हाला खेळाचा कंटाळा आलेला नाहीये, खेळाभोवती जे जमत गेलंय त्यातल्या कशाचा तरी आलाय, आणि ते काय आहे हे शोधल्याशिवाय सोडलंत तर वर्षभराने हळहळाल आणि न शोधता चालू ठेवलंत तर आत्ताचंच चालू राहील.

माझ्या अनुभवात, मुरलेल्या खेळाडूचं मन उडतं तेव्हा बहुतेक वेळा एकच गोष्ट झालेली असते, टेबलावर त्याने स्वतः विचार करायची जागा हळूहळू कमी झालेली असते. उत्तर आधीच ठरलेलं असतं, कधी सिस्टिमच्या, म्हणजे कुठल्या बोलीचा काय अर्थ ते ठरवलेल्या, नोट्समध्ये, कधी सेशननंतर मिळणाऱ्या छापील कागदावर, कधी पार्टनरच्या चेहऱ्यावर. आपण फक्त ते उत्तर बरोबर द्यायला बसतो. हॉस्टेलवर खेळताना असं नव्हतं, तिथे प्रत्येक डाव कोरा असायचा.

कागदाचंच घ्या. हल्ली सेशन संपलं की हॅन्ड रेकॉर्ड हातात येतं, प्रत्येक डावाची चारही हातांची पानं, आणि खाली कोण कुठल्या रंगात किती हात करू शकतं त्याचा तक्ता. पूर्वी घरी जाताना रिक्षात आठवून आठवून भांडायचो, तेव्हा त्याची मोठी सोय वाटली होती. पण तो तक्ता काढणारा प्रोग्रॅम बावन्नच्या बावन्न पानं बघून खेळतो, त्याला डबल डमी म्हणतात, म्हणजे त्याच्यासाठी सगळेच डमी, खेळणाऱ्याच्या पार्टनरची पानं टेबलावर उघडी मांडतात तशी. त्याला राणी कधी चुकत नाही. आणि आपण त्या आकड्याशी स्वतःची तुलना करायला लागतो, रोज, प्रत्येक डावावर.

एक डाव सांगते म्हणजे नेमकं काय म्हणतेय ते लक्षात येईल. तुम्ही चार इस्पिक खेळताय, म्हणजे इस्पिक हुकूम आणि तेरापैकी दहा हात करायचे. तुमच्या हातात हुकमाचा एक्का, गुलाम, दश्शी, छक्की, तिर्री. डमीत राजा, नव्वी, सत्ती आणि चौकी. म्हणजे नऊ पानं तुमच्याकडे, बाहेर चार, त्यात राणी. सगळ्यांना पाठ असलेला नियम सांगतो की आठ पानं असतील तर फिनेस घ्या, म्हणजे राणी उजवीकडे धरून एक्क्याऐवजी गुलाम टाका, आणि नऊ असतील तर एक्का-राजा वाजवून राणी पाडा. नुसत्या पानांकडे बघितलं तर हा नियम बरोबरच आहे, पण किती बरोबर, तर दोन-एक टक्क्यांच्या फरकाने बरोबर. आता बोली आठवा. तुमच्या डावीकडच्याने सुरुवातच तीन बदाम बोलून केली होती, म्हणजे त्याच्याकडे सात बदाम धरायचे. तुमच्याकडे दोन, डमीत तीन, म्हणजे उजवीकडच्याकडे बदाम एकच. डावीकडच्याच्या तेरातली सात पानं बदामात गेली, बाकी तीन रंगांसाठी त्याच्याकडे सहा जागा उरल्या, उजवीकडच्याकडे बारा. तुम्ही डमीतला राजा वाजवता, दोघंही छोटी पानं देतात. मग डमीतून छोटं पान काढता, उजवीकडचा अजून एक छोटं देतो. आता बाहेर राहिली फक्त राणी, आणि मोकळ्या जागा डावीकडे पाच, उजवीकडे दहा. दोनास एक. मग गुलाम टाकायचा, नऊ पानांचा नियम काहीही म्हणो. हा हिशोब तुम्ही टेबलावर, घड्याळ चालू असताना, कुणीही न सांगता केला तर ब्रिज म्हणजे काय ते तुम्ही खेळलात.

आणि तीनात एकदा राणी डावीकडेच निघणार. कॉन्ट्रॅक्ट झालं, दहा हात झाले, पण कागद म्हणतो अकरा. ज्या टेबलांवर तीन बदाम कुणी बोललंच नाही तिथल्या लोकांना काही माहितीच नव्हती, त्यांनी नियमाप्रमाणे एक्का-राजा वाजवले, राणी पडली, अकरा झाले. मॅचपॉइंट्सला, म्हणजे बाकीच्या टेबलांशी तुलना करून गुण देतात त्यात, तुम्हाला बॉटम, सगळ्यांत खालचा नंबर. पार्टनर कागदावर बोट ठेवून विचारतो, "नऊ पानं असून फिनेस का घेतलीस?" असं महिन्यातून चार वेळा, वर्षानुवर्षं झालं की माणूस मोजायचं बंद करतो. मुद्दाम नाही, आपोआप. सगळे जे करतील तेच करायचं, म्हणजे निदान ॲव्हरेज तरी येईल. इथेच रस जातो. आणि तो गेलाय हे कळायला अजून दोन-तीन वर्षं लागतात कारण रिझल्ट फारसे बिघडत नाहीत, चोपन्न-पंचावन्न टक्के येत राहतात.

म्हणून माझं पहिलं सांगणं, काही महिने हॅन्ड रेकॉर्ड बघूच नका. घरी आणूही नका. त्याऐवजी सेशनमधला एकच डाव आठवणीतून कागदावर मांडा, ज्यात तुम्हाला खरोखर दोन रस्ते दिसत होते, आणि का हा रस्ता घेतला ते दोन ओळींत लिहा. कोणाची बोली, कुठली उतारी, कुणी कुठल्या रंगात काय टाकलं. बरोबर-चूक ठरवायला पान कुठे होतं ते बघायचंच नाही, तुमच्याकडे तेव्हा जी माहिती होती तेवढ्यावर ठरवायचं. माझ्याकडे येणाऱ्या जुन्या खेळाडूंना मी हेच करायला लावते आणि सुरुवातीला फार चिडतात, कारण सवय मोडते, पण दीड-दोन महिन्यांत मोजायला लागतात परत. मोजणं परत आलं की बाकीचं बऱ्यापैकी मागे येतं.

सिस्टिमचं थोडक्यात सांगते कारण तुम्ही त्याचा उल्लेख ओझरता केलाय, की तुमच्या नोट्स आता पन्नास पानांच्या आहेत. टू ओव्हर वन ही बोलीची पद्धत, त्यावर पाच-सहा कन्व्हेन्शन म्हणजे खास अर्थ ठरवलेल्या बोल्या, प्रत्येकाच्या पुढच्या बोल्या, डबल पडलं तर काय, मध्ये कोणी बोललं तर काय. वर्ल्ड चॅम्पियनशिप खेळणाऱ्या जोड्यांच्या नोट्स शेकडो पानांच्या असतात हे खरंय पण त्यांचं ते काम आहे. नोकरी करून रविवारी खेळणाऱ्या माणसाने आठवडाभर विसरायच्या भीतीत राहायचं आणि रविवारी विसरल्याबद्दल बोलणी खायची, याला छंद कसं म्हणायचं. निम्म्या गोष्टी काढून टाका. जे वर्षातून दोनदा येतं ते सगळं काढा. स्टेमन, ट्रान्सफर, ब्लॅकवुडचा एक प्रकार, टेकआउट डबल, निगेटिव्ह डबल, दोघांना मान्य असलेली एखादी दोनच्या पातळीची ओपनिंग, एवढ्यावर उत्तम ब्रिज होतं आणि डोकं बिडिंगमध्ये न अडकता डिफेन्सला, म्हणजे समोरच्यांचं कॉन्ट्रॅक्ट पाडायला, मोकळं राहतं. सिस्टिम कमी केल्याने रिझल्ट पडले अशी जोडी मी क्लब लेव्हलला फारशी बघितलेली नाही.

आता पार्टनर. तुम्ही प्रश्नात त्यांच्याबद्दल एवढंच लिहिलंय की त्यांना सांगितलेलं नाही. आणि मला वाटतं खरी गाठ तिथेच आहे.

बाकी कुठलाही छंद माणूस मनाला येईल तेव्हा थांबवू शकतो. ब्रिज एकट्याने थांबवता येत नाही कारण तुम्ही थांबलात की समोरचाही थांबतो. आणि इतक्या वर्षांच्या पार्टनरशिपमध्ये दोघांच्या बोलण्याला एक ठरीव वळण पडलेलं असतं. एक जण बोलणारा, एक ऐकणारा. डाव संपला की बोलणारा सुरू, "तू दोन नोट्रंप का बोललास, तीन किलवर बोलायला हवं होतं." ऐकणारा मान हलवतो. पुढचा बोर्ड, म्हणजे पुढचा डाव, येतो तेव्हा त्याचं डोकं अजून मागच्या बोर्डावर असतं. मी डायरेक्टर म्हणून टेबलांमधून फिरते तेव्हा हे लांबून दिसतं, कोणाचे खांदे कुठल्या बोर्डानंतर पडले ते सांगू शकते मी. आणि जे ऐकणारे असतात तेच बहुतेक वेळा काही वर्षांनी म्हणतात की खेळाचा कंटाळा आला. त्यांना खेळाचा आलेला नसतो हो. साडेतीन तास परीक्षा द्यायचा आलेला असतो. आणि आपल्या मित्राचा कंटाळा आला असं म्हणणं फार अवघड असतं म्हणून ते खेळावर ढकललं जातं.

तुमचं असंच असेल असं मी म्हणत नाही, तुम्ही उलट बोलणारेही असू शकता, बोलणाऱ्यालाही थकवा येतो, सतत दुसऱ्याच्या चुका मोजून. पण एक तपासून बघा. कुणीतरी ऐनवेळी आलं नाही म्हणून तुम्ही दुसऱ्याच कोणाबरोबर खेळलात असं अलीकडे कधी झालं का, आणि त्या दिवशी कसं वाटलं? मजा आली असेल तर उत्तर तुमच्याकडेच आहे.

आणि याचा इलाज पार्टनर बदलणं हाच आहे असं नाही. मी ज्या जोड्यांना सांगते ते साधं आहे पण पाळायला कडक आहे. टेबलावर झालेल्या डावाबद्दल एक शब्द नाही, "वेल प्लेड" सोडून. चहाच्या ब्रेकमध्येही नाही. दुसऱ्या दिवशी फोनवर, तीनच डाव, आणि तिन्ही डिफेन्सचे. बिडिंगचे नाहीत. कारण बिडिंगमध्ये चूक कोणाची ते लगेच दिसतं आणि बोट दाखवता येतं, डिफेन्समध्ये दोघांनी मिळून काय साधता आलं असतं हा प्रश्न असतो. मी अठ्ठी टाकली तेव्हा तुला तो रंग परत हवाय असं वाटलं का, तू सत्तीनंतर दुर्री दाखवलीस म्हणजे सम पानं, मग मी एक्का एक हात थांबवून धरायला हवा होता. असं बोलणं सुरू झालं की दोघं एकाच बाजूला बसतात. ब्रिजचा निम्मा वेळ आपण डिफेन्समध्ये असतो आणि सगळ्यात कमी बोलतो त्याच्याबद्दल. मला स्वतःला विचाराल तर या खेळातला सगळ्यात मोठा आनंद तिथे आहे, दोन माणसं एकमेकांची पानं न बघता, एक शब्द न बोलता, फक्त छोट्या पानांच्या क्रमाने एकमेकांना सांगतात की माझ्याकडे काय आहे, आणि एक चांगला डिक्लेरर, म्हणजे डाव खेळणारा, हातात आलेलं कॉन्ट्रॅक्ट घालवतो. हे एकदा नीट जमलं की तो आठवडा चांगला जातो.

हे करून बघायचं असेल तरी आधी पार्टनरशी बोलावंच लागेल. आज ना उद्या त्यांना कळणारच आहे, आणि कळतंय आत्ताही, इतकी वर्षं समोर बसलेल्या माणसाला तुमचं लक्ष नाही हे पहिल्या दोन बोर्डांत कळतं. कामाचं कारण सांगत एकेक रविवार टाळणं हा सगळ्यात वाईट प्रकार, त्यात ते दुसरा पार्टनरही शोधू शकत नाहीत. सरळ सांगा की मन लागत नाहीये, तुझ्यामुळे नाही असं खोटं सांगायची गरज नाही आणि तुझ्यामुळेच असंही नाही, मला काही महिने वेगळ्या पद्धतीने खेळून बघायचंय किंवा थांबायचंय, तोवर तू दुसऱ्याबरोबर खेळ. एखाद्या टीमबरोबर नाव दिलेलं असेल तर ती टूर्नामेंट पूर्ण करा, चार-सहा जणांचं प्रवासाचं, रजेचं ठरलेलं असतं.

स्कोअरिंगही बदलून बघा. तुम्ही वर्षानुवर्षं पेअर्सच, म्हणजे जोड्यांची स्पर्धाच, खेळताय असं दिसतंय. मॅचपॉइंट्समध्ये तुमच्यापेक्षा कमी केलेल्या प्रत्येक जोडीमागे दोन, बरोबरीला एक, म्हणजे वीस पॉइंट जास्त केले काय आणि हजार केले काय, सारखंच. त्यामुळे प्रत्येक डावात एका जास्तीच्या हातासाठी जीव टाकावा लागतो, आणि लोक काय करतील याचा अंदाज बांधत बसावं लागतं. टीमच्या मॅचला तसं नाही, तिथे इम्प्स, म्हणजे दोन टीमच्या स्कोअरमधल्या फरकावरचे गुण, असतात, एक जास्तीचा हात म्हणजे फार तर एक इम्प, कॉन्ट्रॅक्ट वाचवणं किंवा पाडणं हे महत्त्वाचं. वर दिलेल्या डावात टीमच्या मॅचला तुम्ही एक इम्प घालवून शांतपणे पुढे गेला असतात. ज्यांना पत्ते खेळण्यात रस आहे, शर्यतीत कमी, त्यांना टीमचा खेळ जास्त मानवतो असा माझा अनुभव आहे. आणि चौघांनी एकमेकांचे रिझल्ट मिळवून बघायचे, "तिकडे काय झालं?" असं विचारत, ती मजाही वेगळी आहे, कारण तेच डाव दुसऱ्या खोलीत खेळणारे दोघं तुमच्याच टीमचे असतात. क्वचित जमलंच तर घरी चौघं बसून रबर, म्हणजे दुसऱ्या टेबलांशी तुलना नसलेलं ब्रिज, खेळा. स्कोअर वहीत लिहायचा, कागद नाही, तक्ता नाही.

ऑनलाइनबद्दल माझं मत जरा कडवट आहे. ब्रिज बेस ऑनलाइन ही साइट २००१ पासून आहे, फ्रेड गिटेलमनने काढलेलं, आणि लॉकडाऊनमध्ये त्याने आपला खेळ जिवंत ठेवला हे मी कधी विसरणार नाही, एकटे राहणारे किती वयस्कर लोक त्या दिवसांत त्याच्यावर तगले. पण तिथे सवय लागते रोबोंबरोबर भराभर डाव उरकायची. डाव संपायच्या आत पुढचा. बाकीच्यांनी काय केलं ते लगेच स्क्रीनवर. म्हणजे मघाशी कागदाबद्दल जे म्हटलं तेच, पण दर पाच मिनिटांनी. तुम्ही बसमध्ये, लंच ब्रेकमध्ये, झोपताना असे रोबोबरोबर खेळत असाल आणि मग रविवारी टेबलावर सगळं संथ आणि कंटाळवाणं वाटत असेल तर नवल नाही. आधी ते बंद करा, पूर्ण, आणि मग बघा रविवार कसा वाटतो. व्हॉट्सॲपवरचा डाव ठेवा, तो चालेल, कारण त्यावर तुम्ही थांबता.

वयाचं तुम्ही विचारलंय म्हणून. २०१८ ला जकार्ताच्या एशियन गेम्समध्ये ब्रिज पहिल्यांदा होतं आणि प्रणब बर्धन व शिबनाथ सरकार यांनी पुरुष जोडीचं सोनं आणलं तेव्हा बर्धन साठ वर्षांचे होते आणि सरकार छप्पन्न. पुढे हांगझोऊला पुरुषांच्या टीमने रुपेरी पदक मिळवलं, त्यातही जॅगी शिवदासानींसारखे दशकानुदशकं खेळणारे होते. पंचेचाळीस हे आपल्या खेळात मधलं वय आहे. आठवण थोडी कमी होते, बोर्ड नंबर सात काय होता ते लवकर आठवत नाही, पण समोरचा का थांबला, कशावर विचार करतोय, हे जास्त कळायला लागतं. त्यामुळे वयावर घालू नका.

मात्र जिथे होतो तिथेच राहिलोय हे दुःख असू शकतं आणि ते खरं दुःख आहे. पहिल्या पाच-सात वर्षांत माणूस दर महिन्याला काहीतरी नवीन शिकतो. फिनेस, मग डक (मुद्दाम हात सोडणं), मग एन्डप्ले, मग पहिलं स्क्वीझ. स्क्वीझ पहिल्यांदा जमतं, समोरच्याला दोन रंग धरायचे असतात आणि पान टाकायला जागा नसते, त्या दिवसाचा आनंद परत येत नाही हे मान्य करावंच लागतं. पुढे शिकण्यासारखं असतं ते बारीक, हळू, आणि रिझल्टमध्ये लवकर दिसत नाही. नॅशनल्सला प्रीक्वार्टरपर्यंत पोचून दरवर्षी तिथेच थांबणाऱ्यांना मी जवळून ओळखते. ज्यांनी स्वतःला असं सांगितलं की मला अजून वर जायचंय, त्यातले बरेच जण पार्टनर बदलत बदलत शेवटी सुटले. जे टिकले ते खेळाच्या एखाद्या कोपऱ्यात शिरले. कोणी ओपनिंग लीडचाच, म्हणजे पहिल्या उतारीचाच, अभ्यास घेतला, कोणी डायरेक्टरची परीक्षा दिली, कोणी जुने डाव जमवत बसलं, कोणी शिकवायला लागलं.

शिकवण्याबद्दल थोडं जास्त सांगते कारण तुमच्यासारख्या माणसाला मी हेच सुचवेन. आपल्याकडे ब्रिज शिकवायला एक मोठी सोय आहे, मेंढीकोट येणारा माणूस निम्मा ब्रिज आधीच शिकलेला असतो. चार भिडू, समोरासमोर जोडी, रंग फॉलो करायचा, हुकमाने मारायचं, भिडूला काय हवंय ते त्याच्या पानावरून ओळखायचं, दश्शी वाचवायला मोठं पान दाबून ठेवायचं, हे सगळं त्याला येतं. त्याला बोली नंतर शिकवा. आधी मिनी ब्रिज खेळवा, चौघांनी आपापले पॉइंट सांगायचे, एक्क्याचे चार, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक, ज्या जोडीचे जास्त त्यातला एक खेळणार, त्याचा भिडू डमी मांडणार. पहिल्याच दिवशी डमी उघडते आणि सव्वीस पानं एकदम दिसतात तेव्हा मेंढीकोटवाल्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात. कॉलेजची मुलं, रिटायर झालेल्या बायका, सोसायटीतले काका, कोणालाही शिकवा. ते प्रश्न विचारतात, "पण राजा तिकडे आहे हे तुम्हाला कसं कळलं?" आणि ते समजावून सांगताना आपल्याला आपला हिशोब परत नव्याने करावा लागतो. माझ्या ओळखीचे दोघं-तिघं या रस्त्याने परत आले. एक जण परत आले नाहीत, ते आता फक्त शिकवतात, टूर्नामेंटचं नावही काढत नाहीत, आणि छान चाललंय त्यांचं.

अजून एक गोष्ट, जी मी प्रत्येकाला विचारते. फक्त ब्रिजचाच कंटाळा आलाय ना? का जेवण, गाणं, मुलांचं बोलणं, ऑफिस, सगळंच बेचव झालंय, झोप नीट नाही, सकाळी उठवत नाही? तसं असेल तर हा ब्रिजचा प्रश्न नाही आणि मी द्यायच्या सल्ल्याचा नाही, डॉक्टरकडे जा, लवकर जा. तुमच्या लिहिण्यावरून तसं वाटत नाही, पण विचारणं माझं काम आहे.

आणि समजा हे सगळं करून बघितलं, काही महिने गेले, आणि तरी रविवारी जावंसं वाटलं नाही. तर सोडा. खरंच सोडा, मनात काही न ठेवता. या खेळात मोठमोठी माणसं सोडून गेलीयेत. एली कल्बर्टसन, ज्याने १९३० च्या दशकात अमेरिकेत घराघरात कॉन्ट्रॅक्ट ब्रिज पोचवलं, ज्याची सिडनी लेन्झबरोबरची १९३१-३२ ची मॅच पेपरांत पहिल्या पानावर छापून यायची, तो माणूस दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास ब्रिजपासून दूर झाला आणि जागतिक शांततेच्या योजना मांडण्यात पुढची वर्षं घालवली. सिनेमातले ओमर शरीफ, जे एवढे वरच्या दर्जाचे खेळाडू होते की स्वतःच्या नावाचं ब्रिज सर्कस घेऊन जगभर सामने खेळत फिरले, त्यांनीही उतारवयात ब्रिज सोडलं, कुठल्याच नादाच्या ताब्यात राहायचं नाही म्हणून. यांचं त्यामुळे काही कमी झालं नाही. जी वर्षं खेळलात ती खेळलात, ती वाया गेली असं कोण म्हणेल. एका डावात तेरा पानं येण्याचे सहाशे पस्तीस अब्जांहून जास्त प्रकार आहेत, कोणीही माणूस हा खेळ पुरा करून उठत नाही, प्रत्येकजण मध्येच कधीतरी उठतो.

फक्त सोडताना पुस्तकं रद्दीत घालू नका. क्लबमध्ये नेऊन ठेवा किंवा शिकणाऱ्या कोणाला द्या, जुनी चांगली ब्रिजची पुस्तकं आता सहज मिळत नाहीत. आणि बिडिंग बॉक्स, म्हणजे बोलीच्या कार्डांचे डबे, असतील घरी तर तेही, शिकवणाऱ्यांना कायम कमी पडतात.

क्रम विचाराल तर या आठवड्यात पार्टनरला भेटा, फोनवर नको, समोर बसून बोला. रोबोबरोबरचं खेळणं आजपासून बंद. पुढचे तीन-चार महिने महिन्यातून एकदाच खेळा, शक्यतो टीमची मॅच, आणि प्रत्येक वेळी एक डाव वहीत. मधल्या रविवारी कुठेही जा, घरी बसा, जे राहिलंय ते करा. पार्टनर तयार असतील तर त्यांच्याबरोबर, नसतील तर जो कोणी मोकळा असेल त्याच्याबरोबर, आणि नवखा मिळाला तर फारच चांगलं. वही भरली तर मला दोन-तीन डाव पाठवा, पानं कुठे होती ते न सांगता, मलाही विचार करायला आवडेल.